'लक्षणीय धोका' म्हणजे किती? अमेरिकेतल्या बेंझीन निकालपत्राचं एक वाचन

आज आपण एक निकालपत्र वाचणार आहोत. एखादी कादंबरी किंवा निबंध समीक्षक ज्या पद्धतीने वाचतो, त्या पद्धतीने. म्हणजे त्यात कोणता शब्द कुठे ठेवला आहे, कोणतं उदाहरण निवडलं आहे, काय सांगितलं आहे आणि काय गिळलं आहे, हे बघत. निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा आहे, तारीख २ जुलै १९८०. खटल्याचं नाव लांबलचक आहे, इंडस्ट्रियल युनियन डिपार्टमेंट विरुद्ध अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट. एका बाजूला कामगार संघटना, दुसऱ्या बाजूला तेल कंपन्यांची संघटना, आणि मध्ये सरकारचं एक खातं. अभ्यासक त्याला नुसतं 'बेंझीनचा खटला' म्हणतात. मी वकील नाही. पण तर्क आणि ज्ञानमीमांसा हा माझा आयुष्यभराचा धंदा, आणि या निकालपत्रात कायद्यापेक्षा ज्ञानमीमांसा जास्त आहे असं माझं मत आहे.

आधी बेंझीन म्हणजे काय ते थोडक्यात. १८२५ साली मायकेल फॅरेडेने ते पहिल्यांदा वेगळं काढलं. पाण्यासारखं स्वच्छ, वासाला गोडसर, आणि पटकन उडून जाणारं. रबर, चरबी, डिंक, रंग त्यात सहज विरघळतात, म्हणून उद्योगाला ते फार आवडलं. द्रावकाचं काम काय असतं? घट्ट वस्तू पातळ करायची, ती जिथे लावायची तिथे लावू द्यायची, आणि मग स्वतः हवेत निघून जायचं. सायकलच्या ट्यूबला सोल्युशन लावून आपण थोडं सुकू देतो, तेव्हा 'सुकणं' म्हणजे द्रावक उडून जाणं. कारखान्यात ते उडून जातं ते कामगाराच्या नाकासमोर. बेंझीन हाडांतल्या मगजावर, जिथे रक्त तयार होतं तिथे, घाव घालतं. आधी रक्तपेशी कमी होतात, आणि काही जणांना पुढे ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग होतो.

हे काही एकाएकी कळलेलं नाही. इस्तंबूलमध्ये मुझफ्फर अक्सॉय नावाचे रक्तरोगतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे चपला-बूट करणारे कारागीर येऊ लागले. लहान, कोंदट कारखाने, आणि चिकटवायच्या द्रावणात बेंझीन. १९७४ साली त्यांनी प्रसिद्ध केलं, की सुमारे २८,५०० चर्मकारांमध्ये तीव्र ल्युकेमियाचे किंवा त्याच्या उंबरठ्यावरचे २६ रुग्ण त्यांना सापडले. १९७७ साली अमेरिकेत ओहायोमधल्या प्लायोफिल्मच्या कामगारांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. प्लायोफिल्म म्हणजे रबरापासून केलेला पारदर्शक पातळ कागद, आणि तो करताना रबर बेंझीनमध्ये विरघळवत. त्या कामगारांमध्ये ल्युकेमियाचं प्रमाण अपेक्षेपेक्षा किमान पाचपट होतं. आणि त्याच्या कितीतरी आधी, १९४८ साली, अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने स्वतःच एक आढावा काढला होता. त्याचा आशय असा, की पूर्णपणे सुरक्षित म्हणता येईल अशी बेंझीनची एकच पातळी मानली जाते, ती म्हणजे शून्य. हीच संस्था तीस वर्षांनी न्यायालयात गेली आणि म्हणाली, सरकारने धोका सिद्ध केलेला नाही! असो.

आता कायदा. डिसेंबर १९७० मध्ये निक्सन यांच्या सहीने कामगारांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला आणि 'ओशा' हे खातं जन्माला आलं. विषारी पदार्थांबद्दल त्या कायद्यात एक कलम आहे. त्याचा सारांश मी माझ्या शब्दांत सांगतो: उपलब्ध पुराव्यांतल्या सर्वांत चांगल्या पुराव्यावर, शक्य असेल तिथपर्यंत, अशी मर्यादा ठरवा की कामगाराने नोकरीची सगळी वर्षं त्या पदार्थाच्या सान्निध्यात काढली तरी एकाही कामगाराच्या आरोग्याला मोठी इजा होणार नाही. 'एकाही' हा शब्द लक्षात ठेवा. 'शक्य असेल तिथपर्यंत' हेही लक्षात ठेवा.

१९७१ साली ओशाने उद्योगांच्या सहमतीतून आलेली जुनी मर्यादा उचलली: आठ तासांची सरासरी १० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत बेंझीनचे दहा भाग. ही मोजायची कशी? कामगाराच्या कॉलरजवळ कोळशाची भुकटी भरलेली एक लहान नळी लावतात, कमरेला छोटा पंप. पंप पाळीभर हवा ओढत राहतो, बेंझीन कोळशाला चिकटतं, आणि मग ते प्रयोगशाळेत मोजतात. ओहायोचे आकडे आल्यावर मे १९७७ मध्ये ओशाने तातडीचा आदेश काढला, मर्यादा १ पीपीएम. त्याला न्यायालयाने स्थगिती दिली. रीतसर सुनावण्या होऊन फेब्रुवारी १९७८ मध्ये कायमचा नियम आला, १ पीपीएमच. ऑक्टोबरमध्ये पाचव्या सर्किट न्यायालयाने तो उडवला. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते उडवणं कायम ठेवलं.

पाच म्हटलं तरी त्या पाचांचं एक मत नव्हतं. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी मुख्य मत लिहिलं. सरन्यायाधीश बर्गर आणि स्ट्यूअर्ट त्यांच्याबरोबर होते, पॉवेल बहुतेक भागाशी सहमत होते. पाचवे रेन्क्विस्ट निराळ्याच वाटेने त्याच ठिकाणी पोचले. म्हणजे ज्या विचाराने पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं अमेरिकेतल्या कामगारांचं आरोग्य ठरवलं, त्या विचाराला मुळात बहुमतच नव्हतं.

स्टीव्हन्स काय म्हणतात ते मी शक्य तितक्या न्यायाने मांडतो, कारण पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय खंडन करणं हा आपल्याकडे दोष मानतात. ते म्हणतात: ओशाची रीत अशी आहे, की पदार्थ कर्करोगजन्य ठरला की त्याची सुरक्षित पातळी माहीत नाही असं समजायचं, आणि मग उद्योग बुडणार नाही एवढी जमेल तितकी खालची मर्यादा लावायची. या रीतीला शेवटच नाही. कर्करोगाचा जरासा संशय असलेले पदार्थ हजारोंनी आहेत. त्या प्रत्येकावर, धोका किती आहे हे न विचारता, तांत्रिकदृष्ट्या जमेल तितकी कडक मर्यादा लावायचा अधिकार संसदेने दिला असेल का? 'सुरक्षित' म्हणजे 'शून्य धोका' नव्हे. म्हणून मर्यादा लावण्याआधी खात्याने दाखवलं पाहिजे, की आजच्या पातळीला 'लक्षणीय धोका' आहे आणि नवी मर्यादा तो कमी करेल.

यात तथ्य आहे, आणि ते मान्य करायला हवं. १० नको आणि १ हवा असं म्हणणाऱ्याला 'मग १च का?' हा प्रश्न विचारणं गैर नाही. ओशाने त्या प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं नव्हतं. मात्रा आणि परिणाम यांचा आलेख काढण्याइतकी माहिती नाही, एवढंच सांगून ते खातं पुढे गेलं. आकडा दिला तर त्या आकड्यावरच भांडण होईल, अशी भीती त्यांना वाटली असावी. तेव्हा आकडा मागितला हा काही स्टीव्हन्स यांचा अपराध नाही. अपराध पुढे आहे.

पहिली गोष्ट, ही 'लक्षणीय धोक्या'ची अट त्यांना सापडली कुठे? विषारी पदार्थांच्या कलमात ती नाही. कायद्याच्या सुरुवातीला व्याख्या दिल्या आहेत, त्यात 'मानक' या शब्दाची व्याख्या आहे. सुरक्षित नोकरीसाठी 'वाजवीपणे आवश्यक किंवा योग्य' अशी अट म्हणजे मानक, असं तिथे म्हटलं आहे. त्या 'वाजवीपणे आवश्यक' या दोन शब्दांतून चौघांनी 'लक्षणीय धोका' बाहेर काढला. टोपीतून ससा काढतात तसा! आपल्या मीमांसकांनी आणि वैयाकरणांनी सामान्य-विशेषाचा, उत्सर्ग-अपवादाचा न्याय फार काटेकोरपणे घालून दिलेला आहे. विशेष विधान असेल तिथे सामान्य विधान मागे हटतं. इथे विशेष विधान होतं, 'एकाही कामगाराला' म्हणणारं. आणि व्याख्येतल्या दोन सैल शब्दांनी त्या विशेष विधानावर मात केली. विरोधी मत लिहिणाऱ्या थर्गुड मार्शल यांनी नेमका हाच आक्षेप घेतला आहे.

दुसरी गोष्ट या निकालपत्रातला सर्वांत गाजलेला परिच्छेद. यावर मी जरा रेंगाळणार आहे. 'लक्षणीय' म्हणजे किती, हे समजावण्यासाठी स्टीव्हन्स दोन टोकं देतात. एक: क्लोरीन घातलेलं पाणी पिण्याने कर्करोग होऊन मरण्याची शक्यता जर अब्जात एक असेल, तर हा धोका लक्षणीय म्हणता येणार नाही. दोन: ज्यात दोन टक्के बेंझीन आहे अशी पेट्रोलची वाफ नियमित हुंगल्याने मरण्याची शक्यता हजारात एक असेल, तर शहाण्या माणसाला तो लक्षणीय वाटू शकेल. ऐकताना किती साफ वाटतं बघा. एकीकडे अब्ज, दुसरीकडे हजार. मधे दहा लाख पटींचं अंतर.

पण मूळ वाक्यरचना पुन्हा बघा. पाण्याच्या बाबतीत ते एका वेळच्या पिण्याबद्दल बोलतात, एक घोट म्हणा, एक पेला म्हणा. पेट्रोलच्या बाबतीत ते 'नियमित' हुंगण्याबद्दल बोलतात. म्हणजे एका पारड्यात एक क्रिया आहे आणि दुसऱ्या पारड्यात एक सवय. ही तुलना कशी होईल? एका पावलाची तुलना पंढरीच्या वारीशी करून पाऊल किती लहान आहे म्हणण्यासारखं हे झालं. आपण दोन्हीकडे सवय ठेवू. माणूस दिवसाला आठ पेले पाणी पितो आणि सत्तर वर्षं जगतो असं धरू. आठ गुणिले ३६५ गुणिले सत्तर म्हणजे २,०४,४००, दोन लाखांच्या वर पेले. दर पेल्याला अब्जात एक धोका, म्हणजे आयुष्यभराचा धोका साधारण पाच हजारांत एक. कागद-पेन्सिल घेऊन करून बघा. दहा लाख पटींचं अंतर पाच पटींवर आलं!

आणि हे एका माणसाचं झालं. त्या काळी अमेरिकेची लोकसंख्या २२ कोटींच्या आसपास. सगळे जण आठ पेले प्यायले तर रोजचे १७६ कोटी पेले. म्हणजे दिवसाला जवळजवळ दोन मृत्यू, वर्षाला सहाशेच्या वर. हे खरे मृत्यू नाहीत, हं. न्यायमूर्तींनी कल्पनेतला आकडा घेतला, मी त्यांच्याच आकड्याचा गुणाकार केला. पण ज्या आकड्याचा त्यांनी 'अर्थातच नगण्य' म्हणून उपयोग केला, तो गुणाकारात एवढा होतो. संभाव्यता सांगताना कोणत्या क्रियेची, किती काळाची, किती माणसांची, हे न सांगणं म्हणजे लांबी सांगताना फूट की मैल ते न सांगण्यासारखं आहे. पेट्रोलच्या आकड्याचंही तेच. हजारात एक, पण वर्षाला की जन्मभरात? निकालपत्र गप्प आहे.

आणखी एक गंमत आहे. पेट्रोलच्या वाफेचं उदाहरण त्यांनी दिलं, पण ज्या नियमावर ते बोलत होते त्यातून ओशाने पेट्रोल पंप वगळलेलेच होते. म्हणजे 'हा धोका लक्षणीय वाटेल' म्हणून ज्या माणसाचं चित्र काढलं, तो माणूस खटल्याच्या बाहेरच उभा होता.

आता या सैल उदाहरणाचं पुढे काय झालं? ते उदाहरण राहिलं नाही. हजारात एक हा आकडा पुढे ओशाच्या कामात मोजपट्टी होऊन बसला. पंचेचाळीस वर्षं नोकरी धरायची, आणि हजारात एक किंवा जास्त मृत्यू दिसले तर धोका लक्षणीय म्हणायचं. स्टीव्हन्स स्वतः म्हणतात, की हा काही गणिती साचा नाही, खात्याने तारतम्य वापरावं. एवढंच नव्हे, शास्त्रीय निश्चिततेची गरज नाही, चूक व्हायचीच असेल तर जास्त संरक्षणाच्या बाजूला झालेली चालेल, असंही त्यांनी लिहिलं आहे. ही वाक्यं फार चांगली आहेत. पण लोक दृष्टान्त लक्षात ठेवतात, पुस्ती विसरतात. कीर्तनकाराला हे माहीत असतं, न्यायमूर्तीलाही माहीत असायला हवं होतं.

तिसरी गोष्ट. 'शून्य धोका नको' हे पटवताना निकालपत्र म्हणतं, की मोटार चालवण्यात, शहरातली हवा घेण्यातही धोका असतो, म्हणून आपण त्यांना असुरक्षित म्हणत नाही. मोटार चालवणाऱ्याला मोटारीचा उपयोग होतो. तो हळू चालवू शकतो, पट्टा लावू शकतो, बसने जाऊ शकतो. रबर कारखान्यातल्या माणसाच्या फुप्फुसात जे बेंझीन जातं त्याचा उपयोग कोणाला? मालाला, मालकाला, ग्राहकाला. धोका घेणं आणि धोका दिला जाणं, या दोन क्रियापदांतला फरक निकालपत्रात कुठेच नाही.

आता मी ज्याला मुख्य मुद्दा समजतो त्याकडे येतो. सिद्धतेचा भार कोणावर? निकालाचं सार असं, की धोका लक्षणीय आहे हे खात्याने दाखवावं. न दाखवलं तर जुनी मर्यादा चालू राहील, म्हणजे कामगार दहा पीपीएममध्ये काम करत राहील. मार्शल यांचं म्हणणं असं, की वैद्यकीय अनिश्चिततेचं सगळं ओझं यामुळे कामगाराच्या खांद्यावर टाकलं गेलं. हे मत ब्रेनन, व्हाइट आणि ब्लॅकमन यांचंही होतं. बहुतेक लेखक इथे नैतिक बाजू मांडतात. मला तार्किक बाजू जास्त महत्त्वाची वाटते.

उद्योगाचा युक्तिवाद होता: इस्तंबूलला, ओहायोला मात्रा फार जास्त होत्या, शेकडो पीपीएमपर्यंतच्या. दहाच्या खाली ल्युकेमिया झाल्याचं कोणी पाहिलेलं नाही. आता, 'पाहिलेलं नाही' यावरून 'नाही' असं केव्हा म्हणता येतं? आपल्या दर्शनांत अनुपलब्धीची चर्चा आहे. कुमारिल तिला स्वतंत्र प्रमाण मानतात, नैयायिक मानत नाहीत. पण एका अटीवर दोघांचं एकमत आहे: अनुपलब्धी योग्य हवी. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. भर उजेडात टेबलावर घागर दिसत नाही, तर घागर नाही. अंधाऱ्या खोलीत दिसत नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

मग दहा पीपीएमच्या खालची खोली उजेडाची होती का? निकालपत्रातच आकडे आहेत. पेट्रोकेमिकल उद्योगाने १९७० ते १९७५ या काळासाठी ४९६ कामगार बेंझीनच्या संपर्कात असल्याचं कळवलं. त्यांतले ५३ जण १ ते ५ पीपीएममध्ये, आणि ५ ते १० मध्ये फक्त सात. सात माणसं! समजा खरा धोका हजारात दहा आहे, म्हणजे स्टीव्हन्स यांच्या कसोटीच्या दहापट. तर या साठ माणसांत जन्मभर वाट पाहूनही एक रुग्णसुद्धा दिसेल याची खात्री नाही. शिवाय ल्युकेमिया संपर्कानंतर वर्षानुवर्षांनी उगवतो. कामगार नोकऱ्या बदलतात, जुन्या मोजमापांच्या नोंदी अपुऱ्या असतात. खोली अंधारी होती. आणि त्या अंधारातलं न दिसणं चौघांनी आपल्या पारड्यात वजन म्हणून घातलं. त्याच आकड्यांवरून ते असंही म्हणतात, की लाभ थोड्याच लोकांना आहे. म्हणजे माणसं थोडी म्हणून धोका दिसत नाही, आणि माणसं थोडी म्हणून तो टाळण्याची निकडही नाही. दोन्हीकडून कामगारच कापला जातो.

पैशांबद्दल थोडंच बोलतो. ओशाच्याच अंदाजाप्रमाणे नव्या नियमासाठी उद्योगांना २६ कोटी ६० लाख डॉलर भांडवली खर्च आला असता. संरक्षण मिळणार होतं सुमारे ३५ हजार कामगारांना. निकालपत्र दाखवतं, की तेलशुद्धीकरणात तीनशे कामगारांसाठी दर माणशी ८२ हजार डॉलर पडतील, तर रबर उद्योगात दर माणशी १,३९० डॉलर. हा फरक मोठा आहे आणि तो विचारात घ्यायलाच हवा. पण गंमत अशी, की खर्च आणि लाभ यांचा ताळा आवश्यक आहे का, हा प्रश्न आम्ही आज ठरवत नाही, असं चौघं सांगतात, आणि तरी हे आकडे तपशिलात मांडतात. ठरवायचं नाही, पण ऐकवायचं. ज्यांच्यासाठी माणशी १,३९० डॉलर लागणार होते ते रबर कामगार २४ हजारांवर होते, दोन तृतीयांशांहून जास्त. वाचकाच्या मनात मात्र ८२ हजारच राहतात.

रेन्क्विस्ट यांचं मत मला वाचायला सर्वांत रंजक वाटतं. ते म्हणतात, 'शक्य असेल तिथपर्यंत' या शब्दांत संसदेने काहीच ठरवलं नाही, अवघड निर्णय खात्याच्या गळ्यात मारला. जीव आणि पैसा यांच्यातली निवड लोकप्रतिनिधींनी करायची असते. आणि आधाराला घेतात जॉन लॉकला: विधिमंडळाला कायदे करायचा अधिकार लोकांनी दिला, कायदे करणारे नेमायचा नाही. लॉकचा हा विचार खरा आहे, अकराव्या प्रकरणातला. पण तीन प्रकरणं पुढे त्याच ग्रंथात लॉक म्हणतो, की कायदा सगळं आधी पाहू शकत नाही, म्हणून जनहितासाठी कार्यकारी सत्तेला स्वतःच्या विवेकाने वागायची मोकळीक लागते, प्रसंगी कायद्याच्या शब्दापलीकडेसुद्धा. रेन्क्विस्ट यांनी लॉक वाचला, पण सोयीपुरता. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी समासात लाल शेरा मारला असता.

पुढची हकीकत झपाट्याने सांगतो. वर्षभराने, १९८१ साली, कापसाच्या धुळीचा खटला आला. कापड गिरण्यांत त्या धुळीने फुप्फुसं जातात, गिरणगावाला हे सांगायला नको. तिथे ब्रेनन यांनी बहुमताचा निकाल लिहिला: 'शक्य' म्हणजे करता येण्याजोगं, खर्च-लाभाचा ताळा कायद्याला अपेक्षित नाही. म्हणजे रेन्क्विस्ट ज्या शब्दाला पोकळ म्हणत होते त्याला सरळ अर्थ मिळाला. पण 'लक्षणीय धोक्या'ची पायरी तशीच राहिली. ओशाने मग आकडेमोड केली. १९८७ साली बेंझीनचा नवा नियम आला. मर्यादा किती? १ पीपीएम. नऊ वर्षांपूर्वी होती तीच, फक्त थोड्या वेळाच्या संपर्कासाठी ५ पीपीएमची मर्यादा जोडून.

आणि धोका किती निघाला? ओशाचा अंदाज असा: १० पीपीएममध्ये नोकरीभर काम केलेल्या दर हजार कामगारांमागे ल्युकेमियाचे ९५ जादा मृत्यू. हजारात एक नव्हे, ९५. आणि १ पीपीएमला हजारात दहा. नीट ऐका. नव्या मर्यादेलाही धोका स्टीव्हन्स यांच्या कसोटीच्या दहापट आहे. मग त्याच्या खाली का गेले नाहीत? कारण तिथे 'शक्य असेल तिथपर्यंत' आड आलं. म्हणजे दोन अटी अशा बसल्या, की एक कामगाराला वर चढताना अडवते आणि दुसरी मालकाला खाली उतरताना. निकोल्सन आणि लँडरिगन या दोन संशोधकांनी १९८९ साली हिशेब मांडला, की १९७८ ते १९८७ या काळात १ पीपीएमच्या वर जो संपर्क घडला त्यातून पुढे ३० ते ४९० जादा ल्युकेमिया मृत्यू होतील. ३० आणि ४९० मधलं अंतर मोठं आहे, कोणी म्हणेल हा कसला हिशेब. पण खालचं टोकही शून्य नाही.

त्याच १९८९ साली अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने कारखान्यांबाहेर पडणाऱ्या बेंझीनचे नियम केले. तिथे कसोटी कोणती? सर्वांत जास्त संपर्क असलेल्या माणसाला जन्मभरात दहा हजारांत एकपर्यंत धोका सर्वसाधारणपणे चालेल, आणि जास्तीत जास्त लोकांसाठी तो दहा लाखांत एकच्या खाली आणायचा प्रयत्न करावा. आता कारखान्याचं कुंपण डोळ्यांसमोर आणा. कुंपणाबाहेर राहणाऱ्यासाठी दहा हजारांत एक, कुंपणाच्या आत हजारात एक, आणि प्रत्यक्षात हजारात दहा. तेच बेंझीन, तेच सरकार. आणि पुष्कळदा माणूसही तोच, कारण कामगार कारखान्याजवळच राहतो. पाळीचा भोंगा वाजला की त्याच्या जिवाची किंमत बदलते. याचं समर्थन करता येईल का? कामगाराला पगार मिळतो, त्याने धोका पत्करला आहे, असं एक उत्तर आहे. पण मग १९७०चा कायदा कशासाठी केला होता? पगारात धोक्याची किंमत आपोआप येत नाही, हेच तर त्या कायद्यामागचं गृहीत होतं.

आपल्याकडचा एक धागा इथे जुळतो. १९९६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या चामड्याच्या कारखान्यांच्या प्रकरणात, वेल्लोर नागरिक मंचाच्या खटल्यात, सावधगिरीचं तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचं सांगितलं, आणि आपलं काम निरुपद्रवी आहे हे दाखवण्याची जबाबदारी उद्योजकावर टाकली. बेंझीन निकालाच्या बरोबर उलट. तत्त्व म्हणून मला हे जास्त पटतं. पण तत्त्व उलटं केल्याने कॉलरवरची नळी आपोआप लागत नाही. १९८७ साली, भोपाळनंतर, आपल्या कारखाना कायद्यातही रसायनांच्या मर्यादांचं परिशिष्ट आलं. मर्यादा ही मोजली तरच मर्यादा, नाहीतर तो नुसता आकडा. अमेरिकेत निदान भांडण आकड्यावर झालं, कारण कोणीतरी मोजत होतं.

शेवटी एक शास्त्रीय गोष्ट. ती अंधारी खोली पुढे थोडी उजळली. २००४ साली 'सायन्स'मध्ये एक अभ्यास आला, चीनमधल्या तिआनजिनच्या बूट कारखान्यांतला, २५० कामगारांचा. पुन्हा चपला-बूट! १ पीपीएमच्या खाली काम करणाऱ्यांच्याही रक्तात पांढऱ्या पेशी कमी झालेल्या आढळल्या. युरोपीय संघाने २०२२ साली मर्यादा टप्प्याटप्प्याने ०.२ पीपीएमवर आणायचं ठरवलं. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था ०.१ची शिफारस करते. आणि ओशाची मर्यादा १९८७ साली होती तीच आहे, १ पीपीएम. ती खाली आणायची तर खात्याला आजही पहिल्यांदा तेच दाखवावं लागेल, की १ला धोका 'लक्षणीय' आहे. त्यांच्याच जुन्या अंदाजाने तो हजारात दहा आहे, म्हणजे ती पायरी १९८७ सालीच ओलांडली गेली होती.

इथे थांबतो. प्रश्न असतील ते विचारा, गुणाकार तपासून आला असाल तर आधी तुम्ही.